दावणीची मोटर सुटली तेव्हा

१० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरूच्या नम्म मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आर. व्ही. रोडवरून निघालेली ही गाडी होसूर रस्त्याच्या डोक्यावरून इलेक्ट्रॉनिक्स सिटी ओलांडते आणि बोम्मसंद्र्याला जाऊन थांबते. शेवटाकडच्या तीन स्थानकांच्या पाट्यांवर गावाच्या नावाआधी कंपनीचं नाव आहे. ‘इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार’, मग ‘बायोकॉन हेब्बगोडी’, आणि सगळ्यात शेवटी ‘डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्रा’. पहिली दोन नावं मराठी वाचकाला परकी नाहीत. तिसरी कंपनी तैवानची. ती इतर अनेक वस्तूंबरोबर मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह बनवते.

स्थानकाला मिळालेलं हे नाव पैसे मोजून घेतलेलं असलं, तरी जागा चुकलेली नाही. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधं बनतात, जैविक औषधं बनतात, यंत्रांचे सुटे भाग बनतात, आणि देवी शेट्टींच्या नारायण हृदयालयात हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. या सगळ्यांना थंड पाणी लागतं, रात्रंदिवस लागतं, पण दर तासाला सारखं लागत नाही. ‘सारखं लागत नाही’ या एवढ्याशा अडचणीवर उत्तर शोधण्यात विसाव्या शतकाची बहुतेक वर्षं गेली.

हे थंड पाणी बनवणाऱ्या चिल्लरचं काम सांगायला सोपं. इमारतीतून किंवा यंत्रांमधून तापून आलेलं साधारण बारा अंशांचं पाणी तो सात अंशांवर आणतो आणि परत पाठवतो. पाण्यातली उष्णता शोषून रेफ्रिजरंटची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबलेली गरम वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होते आणि उष्णता छतावरच्या कूलिंग टॉवरकडे जाते. क्षमता अजून टनांतच मोजतात, कारण या धंद्याचा जन्म बर्फातून झाला. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल ती एक टन; आजच्या हिशेबात साडेतीन किलोवॅट. मुंबईकरांनी तर बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजातून आलेला पाहिला होता. पाचशे टनांच्या पाण्याने थंड होणाऱ्या चिल्लरचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर सुमारे तीनशे किलोवॅट वीज खातो. प्लांट रूममध्ये त्याच्याएवढं खाणारं दुसरं काही नसतं.

१९२२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नेवार्कमध्ये विलिस कॅरियरने आपला सेंट्रिफ्यूगल चिल्लर लोकांसमोर मांडला आणि मोठ्या इमारती थंड करण्याचा मार्ग मोकळा झाला. तीन वर्षांत न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर गार झालं. १९३३ मध्ये कुलाब्याचं रीगल उघडलं तेव्हा आतली गार हवा हेही तिकिटाच्या पैशांतलं एक आकर्षण होतं. गंमत अशी की त्या काळातल्या काही चिल्लरचा वेग बदलता येत असे. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला वाफ कमी दिली की तो हळू फिरे, जास्त दिली की जोरात. मग विजेची मोटर आली. ती स्वस्त होती, टिकाऊ होती, जागा कमी घेई आणि बॉयलरचा खटाटोप वाचवी. तिच्यापायी वेगावरचा ताबा मात्र गेला.

टेस्लाने १८८८ मध्ये पेटंट घेतलेली इंडक्शन मोटर वीजपुरवठ्याच्या सायकलींना बांधलेली असते. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन घेतो. त्यावर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला तीन हजारांच्या जरा खाली फिरते आणि चार ध्रुवांची पंधराशेच्या जरा खाली. भार असो वा नसो, फरक थोडासाच. ही दावण तोडायची तर सायकलीच बदलाव्या लागतात, आणि त्या वीज मंडळाच्या हातात.

या मोटरचं बंगळुरूशी जुनं आणि मराठी नातं आहे. किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये इथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली. मल्लेश्वरम–राजाजीनगरच्या सीमेवरच्या त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या मोटरी दक्षिणेतल्या विहिरींवर, गिरण्यांत, पिठाच्या चक्क्यांवर जाऊन बसल्या. पुढे त्या कारखान्याच्या जमिनीवर ब्रिगेड गेटवे उभं राहिलं आणि त्यात ओरायन मॉल आला. जिथे मोटरी वळल्या जात, तिथे आता वातानुकूलित गर्दी फिरते. पुण्यात १९५८ मध्ये किर्लोस्कर न्युमॅटिक निघाली आणि तिने कॉम्प्रेसर व शीतकरणाच्या यंत्रांचा धंदा उभा केला. त्याआधी मुंबईत १९४३ ची ब्लू स्टार आणि १९५४ ची व्होल्टास होतीच. या सगळ्यांच्या यंत्रांची त्या काळातली मोटर मात्र एकाच वेगाची.

मग भार कमी झाला की करायचं काय? सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पंख्यासारखी पाती बसवलेली असतात, त्यांना गाईड व्हेन म्हणतात. थंडाव्याची गरज घटली की पाती मिटायला लागतात आणि आत जाणारी वाफ कमी होते. मोटर तशीच पूर्ण वेगात. वीज घटते, पण थंडावा जितका घटला तितकी घटत नाही. त्यात आणखी एक धोका असतो. पाती फार मिटली आणि कंडेन्सरचा दाब चढा राहिला, तर वाफ पुढे जाण्याऐवजी उलटी फिरते. याला सर्ज म्हणतात. प्लांट रूममध्ये ज्यांनी नोकरी केली त्यांना तो कानांनी कळतो: एकसुरी घरघर अचानक तुटते, मशिन धापा टाकल्यासारखं हुंकारतं, ॲमीटरचा काटा मागेपुढे झुलायला लागतो. असं फार वेळ चालू दिलं तर बेअरिंग जातात. म्हणून ऑपरेटर गरज नसताना गरम वाफ परत आत सोडून यंत्राला खोटा भार देत. वीज जाळून थंडावा करायचा आणि तोच थंडावा गरम वाफेने मारायचा! विजेचा दर कमी होता तोवर या प्रकाराकडे कुणी डोळे वटारून पाहिलं नाही.

१९७३ च्या तेलसंकटाने ते पाहायला लावलं. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क कंपनीने १९७९ मध्ये सेंट्रिफ्यूगल चिल्लरला बदलत्या वेगाचा ड्राइव्ह जोडून बाजारात आणला. कल्पना नवी नव्हती. पुरवठ्यातली वीज आधी एकदिश करायची आणि मग इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तुकडे पाडून हव्या त्या सायकलींची नवी वीज बनवायची, हे तत्त्व ठाऊक होतं. डेन्मार्कच्या डॅनफॉसने १९६८ पासून असे ड्राइव्ह मोठ्या संख्येने बनवले होते, आणि फिनलंडच्या स्ट्रॉमबर्ग कंपनीने सत्तरच्या दशकात हेलसिंकीच्या मेट्रोसाठी तेच तंत्र रुळांवर उतरवलं होतं. अडचण स्विचची होती. त्या काळचा स्विच म्हणजे थायरिस्टर, आणि तो एकदा चालू झाला की आपणहून बंद होत नसे. त्याला बंद करायला वेगळी सर्किटं, जाडजूड कॉइल आणि कपॅसिटर लागत. ड्राइव्हची पेटी कपाटाएवढी होई आणि किंमत ऐकून खरेदी विभागाचा माणूस कॅटलॉग मिटून ठेवी.

याच सुमारास बंगळुरूच्या दक्षिणेला दोन घटना घडत होत्या. राज्य सरकारच्या केओनिक्स कंपनीचे राम कृष्ण बाळिगा कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या माळावर ३३२ एकरांत इलेक्ट्रॉनिक्स सिटी उभी करायला निघाले होते; ते साल १९७८. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचं शिक्षण घेऊन आलेल्या किरण मजुमदार यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर आणि भाड्याच्या गॅरेजमध्ये बायोकॉनचा संसार मांडला. पपईपासून पपेन आणि माशांपासून आयसिंग्लास, हा पहिला माल. बिअर बनवण्याच्या शाळेतून निघालेल्या बाईंच्या हातून होसूर रस्त्यावर शीतकरणाचं एवढं मोठं गिऱ्हाईक उभं राहावं, हे इतिहासाला धरूनच झालं म्हणायचं. यांत्रिक शीतकरणाला जर्मनीत पहिला भक्कम आश्रय दिला तो म्युनिकच्या बिअरवाल्यांनीच. कार्ल फॉन लिंडेची सुरुवातीची यंत्रं त्यांच्यासाठीच बनली.

आणि दुसरे बाळिगा अमेरिकेत होते. बंटवाल जयंत बाळिगा. जन्म १९४८ चा, मद्रासचा. वाढले मात्र बंगळुरूच्या उत्तरेला जलहळ्ळीत. वडील भारत इलेक्ट्रॉनिक्सचे प्रमुख. बिशप कॉटनमध्ये शाळा, मद्रास आयआयटीत पदवी, मग अमेरिकेत पीएचडी, आणि १९७४ पासून जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत नोकरी. १९८० च्या आसपास जीईच्या ड्राइव्ह विभागाला घराघरांतल्या हीट पंपासाठी, म्हणजे गरज पडेल तसं तापवणाऱ्या आणि थंड करणाऱ्या यंत्रासाठी, बदलत्या वेगाची मोटर हवी होती. स्विच मिळेना. त्या काळचा बायपोलर ट्रान्झिस्टर मोठा प्रवाह वाही, पण त्याला चालू ठेवायलाच बराच प्रवाह खर्ची पडे. मॉसफेट हा दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर इशाऱ्यावर चालू-बंद होई, पण जास्त दाबाच्या विजेला तो फार विरोध करी. बाळिगांनी दोघांची सांगड एकाच चकतीत घातली: इशारा मॉसफेटच्या पद्धतीने घ्यायचा, प्रवाह बायपोलरच्या पद्धतीने वाहायचा. जीईचे चेअरमन जॅक वेल्च यांनी त्याला हिरवा कंदील दाखवला आणि १९८३ मध्ये आयजीबीटी नावाचा हा स्विच बाजारात आला.

एकट्याने केलेला शोध म्हणून हा किस्सा सांगितला जातो तेव्हा थोडं थांबावं. अशा रचनेच्या कल्पना जपानमध्ये आणि अमेरिकेत इतरांनीही मांडल्या होत्या, आणि आयजीबीटीला थायरिस्टरसारखा ‘अडकून बसण्याचा’ दोष होता, तो पुरता घालवण्यात तोशिबाच्या आकिओ नाकागावांचा मोठा वाटा आहे. तरीही कारखान्यात बनवता येईल आणि विकता येईल असा स्विच उभा करण्याचं श्रेय बाळिगांकडेच जातं. २०२४ मध्ये फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यासाठीच. शीतकरणासाठी जन्मलेला हा स्विच पुढे रेल्वेची इंजिनं, पवनचक्क्या आणि विजेवरच्या मोटारींत शिरला. त्या मानाने चिल्लरमध्ये तो सावकाश पोचला.

भारतात तर फारच सावकाश. ऐंशीच्या दशकात बोम्मसंद्र्याच्या वसाहतीत प्लॉट घेणाऱ्या माणसाची चिंता वीज वाचवण्याची नव्हती, वीज मिळण्याची होती. कर्नाटक विद्युत मंडळाची कपात नेमाने येई आणि प्रत्येक शेडच्या मागे डिझेल जनरेटर धडधडे. आयात ड्राइव्हवर जकात भारी. १९९१ नंतर दारं उघडली, बंगळुरूच्याच पीण्या वसाहतीत ड्राइव्ह बनू लागले, आणि आधी पंप व इमारतीत गार हवा खेळवणारे पंखे यांना ते बसले. तिथे हिशेब सरळ होता: पंख्याचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते.

चिल्लरच्या बाबतीत इथल्या कारखानदाराला पटलेला पहिला मुद्दा वेगळाच होता. तीनशे किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर पाचशेएक अँपिअर घेते. ती थेट चालू केली तर सुरुवातीचे काही सेकंद सहापट, म्हणजे तीन हजार अँपिअर ओढते. हा धक्का कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावला तरी हजाराच्या घरात. वीज गेल्यावर जनरेटरवर चिल्लर उचलायचा तर जनरेटर त्या धक्क्याच्या मापाचा घ्यावा लागे. एरवी त्याची अर्धी ताकद पडून. ड्राइव्ह असला की मोटर शून्यापासून हळूहळू वर येते आणि पूर्ण भाराच्या वर प्रवाह जातच नाही. लहान जनरेटर पुरतो. वीजबचतीचे तक्ते ज्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांनी जनरेटरच्या किमतीतला फरक ऐकून सह्या केल्या.

खरी बचत कुठे आहे, याबद्दल विक्रेते अजूनही अर्धं सांगतात. पंख्याचा घनाचा नियम चिल्लरला जसाच्या तसा लावला जातो आणि पन्नास टक्के वेगाला साडेबारा टक्के वीज असं गोंडस गणित मांडलं जातं. पंख्याला फक्त हवा ढकलायची असते. कॉम्प्रेसरला वाफ बाष्पकाच्या दाबापासून कंडेन्सरच्या दाबापर्यंत चढवायची असते. या चढणीला प्लांट रूममध्ये लिफ्ट म्हणतात. भार निम्मा झाला पण बाहेरची हवा दमट आणि गरमच राहिली, तर चढण तेवढीच राहते आणि वेग फार उतरवता येत नाही. उतरवला तर सर्ज. अशा वेळी ड्राइव्ह वेग थोडा कमी करतो आणि उरलेलं काम पुन्हा त्याच गाईड व्हेनवर सोपवतो. वेग कमी करायला परवानगी मिळते ती कंडेन्सरमध्ये येणारं पाणी गार असेल तेव्हा.

आणि इथे बंगळुरूचं पठार उपयोगी पडतं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. कूलिंग टॉवर पाणी किती गार करेल हे हवेच्या वेट बल्ब तापमानावर, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला पारा जे दाखवतो त्यावर ठरतं, आणि इथे जानेवारीच्या रात्री साधा पाराच पंधरा-सोळा अंशांवर येतो. टॉवरचं पाणी वीस अंशांच्या आसपास सहज उतरतं, चढण ओसरते, ड्राइव्ह वेग खाली आणतो. मुंबईत पावसाळ्यातला वेट बल्ब सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठाण मांडून बसतो आणि टॉवरचं पाणी तिशीच्या खाली यायला कुरकुरतं. तोच चिल्लर, तीच कंपनी. पण बोम्मसंद्र्यात जेवढं वाचतं तेवढं अंधेरीत वाचत नाही.

हे लक्षात न घेता परदेशी अंकांवर विसंबून बरीच खरेदी झाली. चिल्लरची कार्यक्षमता मोजण्याच्या अमेरिकेच्या आयपीएलव्ही पद्धतीत पूर्ण भाराला फक्त एक टक्का महत्त्व आहे, ७५ टक्के भाराला ४२, ५० टक्क्यांना ४५ आणि २५ टक्क्यांना १२. शिवाय भार उतरेल तसं कंडेन्सरचं पाणी २९.४ अंशांवरून १८.३ पर्यंत उतरतं, असं त्यात धरलेलं असतं. मुंबई-चेन्नईच्या माणसाने हे वाचून हसावं की रडावं! २०१७ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १६५९० हे चिल्लरचं मानक काढलं ते भारतीय हवामान डोळ्यांसमोर ठेवून. पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने चिल्लरला ऐच्छिक स्टार द्यायला सुरुवात केली.

बोम्मसंद्र्यातला भार खाली-वर होतो कसा, याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण फर्मेंटरमध्ये दिसतं. बायोकॉनने २००४ मध्ये इन्सुजेन हे मानवी इन्शुलिन आणलं ते पिचिया नावाच्या यीस्टपासून. या यीस्टला वाढवण्याची रूढ पद्धत अशी की आधी ग्लिसरॉल देऊन गर्दी वाढवायची आणि मग मिथेनॉल देऊन तिच्याकडून प्रथिन काढून घ्यायचं. सुरुवातीला टाकी शांत असते. थंड पाणी जवळजवळ लागतच नाही. पेशी वाढतात तशी उष्णता वाढते, आणि मिथेनॉल सुरू झालं की टाकी अक्षरशः तापते, कारण मिथेनॉल जाळताना यीस्ट भरपूर ऑक्सिजन खातं आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकतं. तिला तीस अंशांच्या आसपास धरून ठेवायचं असतं. थंड पाणी कमी पडलं तर पेशी मरतात आणि कित्येक दिवसांची बॅच गटारात जाते. अशा टाक्या वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू असल्या की चिल्लरवरचा भार दर तासाला हलतो. एका वेगाच्या यंत्रांनी हे सांभाळायचं म्हणजे एक बंद कर, दुसरं चालू कर; आणि प्रत्येक चालू करण्याला तो सहापट प्रवाहाचा दणका.

म्हणून जाणत्या प्लांट इंजिनिअरची मांडणी बहुधा मिश्र असते. जो भार चोवीस तास हलत नाही त्याला एका वेगाचं, पूर्ण भारावर काटकसरीने चालणारं यंत्र. आणि वरचा हेलकावणारा भार बदलत्या वेगाच्या यंत्रावर. पूर्ण भारावर ड्राइव्ह स्वतःच दोन ते चार टक्के वीज उष्णतेत घालवतो, हे विसरून सगळीच यंत्रं बदलत्या वेगाची घेणं म्हणजे कागदावरच्या स्टारसाठी पैसे घालणं. बसवलेला ड्राइव्ह हाताने पन्नास हर्ट्‌झवर लावून ठेवलेला किंवा बायपासवर टाकलेलाही सापडतो. थंड पाण्याचं ठरवलेलं तापमान सात अंशांवरून नऊवर न्यायला कुणी धजत नाही, आणि टॉवरमधल्या पाणी पसरवणाऱ्या जाळ्यांत क्षार साचून गार पाणी मिळायचं थांबलेलं असतं.

सगळ्यांनी चिल्लरकडे धावावं असंही झालं नाही. बोम्मसंद्र्याच्याच नारायण समूहाने मैसूरूला कमी खर्चाचं रुग्णालय बांधलं तेव्हा वातानुकूलन शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभागापुरतं ठेवलं, बाकी खिडक्यांवर सोपवलं. न लावलेल्या टनाएवढी वीज कुठलाच ड्राइव्ह वाचवत नाही.

दरम्यान यंत्र पुढे सरकलं होतं. ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये रॉन कॉन्री यांनी टर्बोकोर या कॉम्प्रेसरचं काम सुरू केलं, त्यात बेअरिंगच चुंबकाची. शाफ्ट हवेत तरंगतो, मिनिटाला कित्येक दहा हजार फेरे घेतो, तेल लागत नाही, आणि वेग बदलणं हा त्याचा जोडधंदा न राहता चालण्याची एकमेव पद्धत होते. तेल नसल्याने नळ्यांवर तेलाचा थर बसण्याचा जुना दोषही गेला. डॅनफॉसने पुढे या कंपनीत भागीदारी घेतली आणि हे कॉम्प्रेसर जगभर पसरले.

प्लांट रूममधली कामाची वाटणी त्यामुळे बदलली. कॉम्प्रेसर नीट ठेवला तर वीस-पंचवीस वर्षं जातो. ड्राइव्हचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं. आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, थंड करणारे पंखे अडकतात, आणि उन्हाळ्यात धुळीने फिल्टर भरला की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असलं की जुनं कार्ड शोधत एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपर्यंत जावं लागतं. पूर्वी चिल्लर बंद पडला की पाना घेतलेला फिटर आधी धावे. आता त्याच्या आधी लॅपटॉप घेतलेली मुलगी किंवा मुलगा येतो, पॅनलला केबल जोडतो आणि फॉल्टचा कोड वाचतो. फिटर शेजारी उभा राहून कंडेन्सरच्या नळीवर हात ठेवतो, आणि बिघाड पॅनलमध्ये आहे की पाण्यात यावरून दोघांची जुंपते.